ठाणे-नवी मुंबईत घर विकताना, बघायला येणाऱ्यांसाठी काय तयारी करावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाणे आणि नवी मुंबईत रिसेल फ्लॅटची कामं बघते. त्याआधी आमचं स्वतःचं कळव्याचं वन बीएचके विकलं होतं आणि खरं शिक्षण तिथेच झालं. लोक फोनवर, सोसायटीच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा हेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा बसून सगळी उत्तरं लिहून काढली.

बघायला येणारे सगळ्यात आधी काय बघतात?

वर बघतात, खरंच. चपला काढून आत आले की नजर आधी सीलिंगच्या कोपऱ्यात जाते, कारण इकडचा पाऊस काय असतो आणि कुठल्या घरात कुठून पाणी येतं हे भाड्याने राहून राहून प्रत्येकाने बघितलेलं असतं. मग नळ सोडून बघतात, खिडकी उघडून बाहेर काय दिसतं ते बघतात, आणि बेडरूममध्ये आपला डबल बेड आणि कपाट बसेल का ते मनातल्या मनात मांडून बघतात. तुमचा शोपीस, तुमचं वॉलपेपर, हॉलमधलं ते महागातलं झुंबर, याच्याकडे फार कोणी लक्ष देत नाही.

पण त्याच्याही आधी बिल्डिंग दिसते. गेटपासून दारापर्यंतची दोन मिनिटं तुमच्या हातात पूर्ण नसतात पण थोडी असतात. आपल्या मजल्यावरचा बंद पडलेला दिवा सोसायटीने बदलायची वाट बघू नका, स्वतः बदला. दाराबाहेरचं शू रॅक, जुनी सायकल, रद्दीचा गठ्ठा आत घ्या. दार पुसा, कडी-कोयंड्याला तेल घाला, बेल वाजते का बघा. नावाची पाटी अर्धी लटकत असेल तर दोन स्क्रूचं काम आहे. वॉचमनला आधी सांगून ठेवा की अमुक वाजता पाहुणे येणार आहेत, नाहीतर तो गेटवर दहा प्रश्न विचारतो आणि माणूस वर येईपर्यंत वैतागलेला असतो.

विकायच्या आधी पूर्ण घराला रंग काढावा का?

याचं उत्तर जरा लांब आहे कारण इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि आम्हीही चुकलो होतो.

आमचं घर चौथ्या मजल्यावर, वर गच्ची. हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची, पोपडे निघायचे, खाली पांढरी पावडर पडायची. विकायचं ठरलं तेव्हा सप्टेंबर चालू होता, आम्ही पेंटरला बोलावून तेवढीच एक भिंत घासून पुट्टी भरून रंगवून घेतली आणि भिंतीला लागून सोफा सरकवला. आठ दिवसांनी एक जोडपं आलं, बरोबर मुलाची आई. घर आवडलं होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. त्या काकू बोलत बोलत सोफ्याच्या मागे गेल्या, हात घालून भिंतीला तळवा लावला, मग बोटं एकमेकांवर चोळली आणि मुलाकडे बघून नुसती मान हलवली. चहा ठेवला होता, तो न घेता गेले. नंतर त्या मुलाने फोनवर सांगितलं की ओल होती त्याचं एवढं वाटलं नाही, ती झाकली होती म्हणून आईला आता कशाचाच भरवसा वाटत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं आणि आज कोणाचंही घर विकायला घेतलं की मी आधी ओलीचंच विचारते.

तर काय करायचं. ओल असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पाणी सोसायटीने दुरुस्त करायचं असतं, आणि बाथरूम, सिंकमधून होणारं आतलं लिकेज ज्याच्या घरातून होतंय त्या मेंबरने. त्यामुळे सोसायटीला लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून गळत असेल तर वरच्या वहिनींशी आधी नीट बोला, भांडणाने ते काम सहा महिने मागे जातं. काम झालं की भिंत पूर्ण वाळू द्या. वाळली का हे बघायची सोपी युक्ती म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक पिशवी कापून भिंतीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवायची आणि एक दिवस ठेवायची, आतून थेंब जमले तर अजून पाणी आहे. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला की तो फुगतोच, आणि लोणा लागलेली, म्हणजे पांढरी पावडर सुटणारी, भिंत असेल तर प्लास्टर सुटेपर्यंत खरवडल्याशिवाय उपयोग नाही.

बाकी रंगाचं म्हणाल तर घर ठीकठाक असेल तर हॉल आणि पॅसेज, हलका ऑफ व्हाइट, आणि सीलिंग पांढरं, एवढं पुरतं. एकच भिंत ताजी आणि बाजूच्या तीन जुन्या असं मात्र नको, बघणाऱ्याला वाटतंच की इथे काहीतरी होतं. आणि रंगाचं, वॉटरप्रूफिंगचं बिल जपून ठेवा. आम्ही शेवटी नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत पुन्हा रंग काढला आणि जे बघायला आले त्यांना सांगितलं की इथे ओल होती, गच्चीचं हे काम झालं, हे बिल, पुढच्या पावसात काही निघालं तर सोसायटीला दिलेलं पत्र पण तुमच्याकडे देतो.

मग पावसाळ्यात घर दाखवूच नये का?

दाखवा की. उलट भर जुलैत कोरडं घर दाखवता आलं तर त्याच्यासारखी दुसरी जाहिरात नाही. फक्त दाराशी मोठं पायपुसणं, छत्र्यांना एक बादली आणि आत सुकत घातलेले कपडे दोन तासांसाठी उचलून ठेवायचे. पितृपक्षात मात्र बघायला येतील पण टोकन कोणी देत नाही, त्यामुळे त्या पंधरा दिवसात फोन थंड पडला म्हणून घाबरून किंमत उतरवू नका. नवरात्र-दसरा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया याच्या मागेपुढे हलचल वाढते, त्याच्या महिनाभर आधी घर तयार असलेलं बरं.

घराला वास येतो असं आपल्याला कळत नाही, तो कसा ओळखायचा?

आपल्याला आपल्या घराचा वास येतच नाही. बाहेरच्या माणसाला विचारा, तेही घरातल्या नाही तर स्पष्ट बोलणाऱ्या मैत्रिणीला. आपल्याकडे सुके बोंबील, सुकट, फोडणी, ओले कपडे, डांबरगोळ्या, कुत्रं-मांजर, यातलं काहीतरी असतंच आणि त्यात काही वाईट नाही, पण येणारा कदाचित पूर्ण शाकाहारी असेल, त्यामुळे त्या दिवशी मासे आणि लसणाची फोडणी राहू द्या. येण्याच्या तासभर आधी सगळ्या खिडक्या उघडा, पंखे फुल्ल लावा. रूम फ्रेशनर भसाभसा मारू नका, त्याने संशय येतो. एखादी उदबत्ती चालते.

ज्यांचं घर काही महिने बंद आहे त्यांच्यासाठी महत्त्वाचं. बाथरूममधल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. घर बंद राहिलं की ते पाणी वाळून जातं आणि दार उघडल्या उघडल्या घाण वास येतो, लोकांना वाटतं ड्रेनेज खराब आहे. आदल्या दिवशी जाऊन प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता, कमोड दोनदा फ्लश करा, बेसिन आणि सिंकचे नळ सोडा. खारघरला एक बंद फ्लॅट तीनदा दाखवून कोणी परत फोन केला नाही, चौथ्या वेळी एवढंच केलं आणि निदान लोक आत थांबून बोलायला लागले.

सामान काढून रिकामं घर दाखवावं की जसं आहे तसं?

अगदी रिकामी खोली उलट लहान वाटते आणि भिंतीवरचा प्रत्येक डाग, खिळ्याचं प्रत्येक भोक दिसतं. राहतं घर दाखवा, पण त्यातलं निम्मं सामान कमी करा. कपाटावरच्या बॅगा, पलंगाखालची भांडी, दारामागे लटकवलेले कपडे, फ्रिजवरची औषधं. हे सगळं गावी जाणार असेल तर आत्ताच पाठवा, नाहीतर भावाच्या, बहिणीच्या घरी महिनाभर ठेवा. लोक कपाटं उघडून बघतात, विचारून बघतात पण बघतात, आणि उघडल्यावर अंगावर गोधड्या पडल्या तर त्यांच्या मनात एकच येतं की या घरात जागा नाही.

देवघर आहे तसं राहू द्या, दिवा लावलेलं स्वच्छ देवघर कोणालाही आवडतं.

किचन नवीन करून घ्यावं का? जास्त भाव मिळेल?

माझं मत नाही. तुम्ही लाखो रुपये घालून मॉड्युलर किचन कराल आणि येणारी बाई म्हणेल मला हा रंग नको, मी सगळं तोडणार. ओटा घासून चकचकीत करा, टाइल्सच्या मधलं काळं पडलेलं ग्राउटिंग नव्याने भरून घ्या, एक्झॉस्टचं चिकट पातं काढून गरम पाण्यात सोडा घालून धुवा, गळणारा नळ बदला, सिंकखालचं दार उघडून तिथला ओलावा आणि झुरळं बघा आणि दाखवायच्या आठवडाभर आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या. चौकटीला वाळवीची मातीची रेघ दिसत असेल तर ती नुसती पुसू नका, ट्रीटमेंट करा, सुतार घेऊन येणारे लोक असतात आणि तो चौकटीवर टकटक करून बघतो.

बाथरूमचंही असंच. पिवळा पडलेला कमोडचा सीट बदला, आरसा नवा लावा, क्षार जमलेला शॉवर व्हिनेगरमध्ये भिजवा. पिवळे पडलेले स्विचबोर्ड बदलायला फार खर्च येत नाही आणि घर पाच वर्षांनी तरुण दिसतं.

घर दाखवायला कुठली वेळ चांगली?

तुमच्या घरात ऊन कधी येतं त्यावर आहे. पूर्वेचं घर असेल तर सकाळी दहा-अकरा. पश्चिमेचं घर मे महिन्यात दुपारी चार वाजता दाखवलंत तर माणूस उकडून निघतो, त्याला संध्याकाळी साडेसहाला बोलवा, वारा सुटलेला असतो. समोर दुसरी बिल्डिंग असलेल्या खालच्या मजल्यांवर उजेड हाच मोठा प्रश्न असतो, तिथे जाड पडदे काढून टाका, मच्छरजाळी काढून धुवा, खिडकीच्या काचा आतून बाहेरून पुसा, सगळे दिवे सारख्या प्रकाशाचे लावा. एका खोलीत पांढरा एका खोलीत पिवळा असं विचित्र दिसतं.

गॅलरीत कबुतरांची घाण असेल तर ती साफ करून जाळी लावून घ्या. गॅलरी आत घेतली असेल तर ते सरळ सांगा, कारण मंजूर प्लॅन बघितल्यावर बँकेच्या माणसाला ते कळतंच.

एरिया किती सांगायचा? आम्ही घेतला तेव्हा बिल्टअप ६५० सांगितला होता.

कार्पेट सांगा, म्हणजे बाहेरच्या भिंती सोडून आतली वापरायची जागा. रेरा हा घरखरेदीचा कायदा आल्यापासून म्हणजे २०१७ पासून इकडचा प्रत्येक जण कार्पेटच विचारतो. जुन्या अॅग्रीमेंटमध्ये बऱ्याचदा चौरस मीटरमध्ये आकडा असतो, त्याला १०.७६४ ने गुणायचं. म्हणजे ४२ चौरस मीटर असेल तर साधारण ४५२ स्क्वेअर फूट. एकदा टेप घेऊन स्वतः सगळ्या खोल्या मोजा आणि कागदावर साधा नकाशा काढून ठेवा, बेडरूम किती बाय किती, किचन किती बाय किती. बघायला येणाऱ्याच्या हातात तो कागद दिला की तो घरी जाऊन आपलं फर्निचर त्यात मांडत बसतो, आणि मांडायला लागला म्हणजे त्याच्या डोक्यात तुमचं घर राहिलं.

पाण्याचा, पार्किंगचा, आवाजाचा प्रॉब्लेम असेल तर सांगायचा का?

हो. ठाण्यात आणि नवी मुंबईत पहिला प्रश्न पाण्याचा असतो. किती वाजता येतं, किती वेळ येतं, टँकर लागतो का, लागतो तर कुठल्या महिन्यात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे. लपवून उपयोग नाही, तो खाली उतरल्यावर वॉचमनला, लिफ्टमधल्या काकांना, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारणार आहे. घोडबंदर रोडला लागून घर असेल तर रात्री जड गाड्यांचा आवाज येतो, तेही सांगा, आणि मागच्या बेडरूममध्ये तो किती कमी होतो ते खिडकी लावून दाखवा. पार्किंग स्टॅकचं (एकावर एक गाड्या) आहे, सोसायटीने रोटेशनवर दिलंय की अॅलॉटमेंट लेटरमध्ये आहे, याचं उत्तर तोंडी न देता कागदावर द्या.

‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे वाक्य तर टाळाच. लोक चालून बघतात. शेअर रिक्षाने दहा मिनिटं लागत असतील तर तसंच म्हणा, स्टँड कुठे आहे तेही सांगा. उलव्याला, खारघरला घर असलेले बरेच जण फक्त नवी मुंबईच्या नव्या एअरपोर्टबद्दल बोलत राहतात. डिसेंबर २०२५ मध्ये विमानं सुरू झाली, हे येणाऱ्याला माहीत आहे आणि तुमच्या किमतीत ते धरलेलं आहे हेही माहीत आहे. त्यापेक्षा मुलांची शाळा, दूधवाला, डॉक्टर, भाजी कुठे मिळते हे सांगितलं तर त्यांना जास्त बरं वाटतं.

कागदपत्रांचा आणि इम्प्रेशनचा काय संबंध?

खूप आहे हो. घर आवडलं, माणूस बसला, विचारलं ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का, आणि तुम्ही म्हणालात बघावं लागेल, असेल बहुतेक. तिथेच त्याचं मन मागे येतं.

एक फाईल करा. बिल्डरपासून तुमच्यापर्यंतची सगळी अॅग्रीमेंट्स क्रमाने, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ते तुमच्या नावावर झालेलं आहे का, मेंटेनन्सची शेवटची पावती, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, महावितरणचं बिल. कर्ज चालू असेल तर बँकेत कुठली मूळ कागदपत्रं जमा आहेत त्याची यादी आणि किती रक्कम बाकी आहे त्याचं पत्र. घर वडिलांच्या नावावर असेल आणि ते गेले असतील तर वारसांचं काम आधी पुरं करा, टोकन घेतल्यावर बहिणीच्या सहीसाठी धावपळ नको.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट, सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी. तिथली बरीचशी जमीन सिडकोने भाडेपट्ट्यावर दिलेली असते, त्यामुळे अशा घराच्या विक्रीला सिडकोची ट्रान्सफरची परवानगी आणि त्याचे चार्जेस येतात. ते कोण भरणार, तुम्ही की घेणारा की निम्मे निम्मे, हे आधीच ठरवून ठेवा, शेवटच्या मीटिंगमध्ये नको. सोसायटीच्या ट्रान्सफर प्रीमियमवरही, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेवरही, वाद होतात. महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे, हे सेक्रेटरींशी बोलून घ्या म्हणजे घेणाऱ्याला पक्का आकडा सांगता येईल. आणि किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, कापून भरणार, तो तुमच्या पॅनवर जमा होतो, त्यामुळे रक्कम कमी आली म्हणून ऐनवेळी दचकू नका.

दाखवताना आम्ही घरात थांबायचं का? काय बोलायचं?

एकच माणूस थांबा, ज्याला घराची माहिती आहे. सगळं कुटुंब हॉलमध्ये बसून येणाऱ्यांकडे बघत राहिलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं, ते बाथरूमचं दारही नीट उघडत नाहीत. टीव्ही बंद. कुत्रं असेल तर खाली फिरायला न्या. पाणी विचारा, चहाचा आग्रह नको. आधी त्यांना फिरू द्या, ‘हे बेडरूम, हे किचन’ असं सांगायची गरज नसते, दिसतंच. विचारतील तेवढं सांगा.

का विकताय हे हमखास विचारतात. खरं कारण एका वाक्यात सांगा, मुलाकडे पुण्याला चाललोय, मोठं घर घ्यायचंय. ‘आम्हाला लवकर मोकळं व्हायचंय’ एवढं मात्र बोलू नका, लगेच भाव पाडून मागतात. आणि आजी-आजोबांना आधी नीट समजावून सांगा. घर विकायचं त्यांच्या मनाला लागलेलं असतं, आणि अनोळखी माणसं येऊन भिंती ठोकून बघतात ते त्यांना सहन होत नाही, एखादा शब्द निघून जातो. नौपाड्यातल्या एका जुन्या घरात आजींनी डोळ्यात पाणी आणून सांगितलं होतं की या खोलीत माझा संसार झाला, आणि घेणारी मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. ते घर तिनेच घेतलं. पण असं होईलच असं नाही, म्हणून त्यांना त्या वेळी देवळात किंवा मैत्रिणीकडे जायला आवडत असेल तर तसं करा.

घरात भाडेकरू आहे, तो दाखवायला नाखूष असतो.

साहजिक आहे, त्याचंही घर जाणार असतं. त्याला आठवड्यातले दोन ठरावीक वेळ द्या, रोज फोन करू नका. शक्य असेल तर एखाद्या महिन्याचं भाडं थोडं कमी करा. तो दारात तोंड पाडून उभा राहिला तर तुमचा फ्लॅट कितीही चांगला असो, लोक पाच मिनिटात निघतात.

फोटो कसे काढायचे?

दिवसा, आडवे, खोलीच्या कोपऱ्यातून, कमोडचं झाकण लावून. मुलांचे फोटो, घरातल्यांची नावं, कागद भिंतीवर असतील तर आधी काढा. जे फोटोत सुंदर दिसतं तेच प्रत्यक्षात दिसलं पाहिजे, खोली ताणून मोठी दाखवणारे फोटो बघून आलेला माणूस दारातच नाराज होतो.

घर आवडलं, आता आई-वडिलांना घेऊन परत येतो म्हणाले. दुसऱ्या वेळी वेगळं काय करायचं?

दुसऱ्यांदा येणारे निम्मे घेतल्यासारखेच असतात, फक्त घरातल्या मोठ्यांचा होकार बाकी असतो. घर पहिल्या वेळेसारखंच ठेवा. मधल्या काळात काही दुरुस्त केलं असेल तर आपणहून सांगा. लिफ्ट चालू आहे ना ते खात्री करा, पंख्याखाली दोन खुर्च्या ठेवा, फाईल टेबलावर. वास्तूचं विचारतील, दार कुठल्या दिशेला, शेगडी आग्नेयेला आहे का, तर होकायंत्रावर बघून जे आहे ते सांगा, ओढूनताणून पूर्व करू नका, बरेचजण मोबाइलवर स्वतः तपासतात.

आमच्या कळव्याच्या घराला लोकलचा आवाज येतो हे आम्ही फोनवरच सांगितलेलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्यातले आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून अर्धा तास बसले, गाडी गेली की नातवाला बोट करून दाखवायचे, फास्ट की स्लो ते सांगायचे. तोपर्यंत सुनेने आत टेप घेऊन ओट्याची लांबी दोनदा मोजली आणि मला विचारलं, ताई, इथे गॅसची पाइपलाइन कुठून येते.